वाचकांचे प्रश्न : स्त्रियांमधला जंतुसंसर्ग आणि झटपट चाचण्या

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये गरोदर स्त्रियांचे प्रश्न आहेत, प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या परिचारिकांचे आहेत आणि लॅबमधल्या मंडळींचेही आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे : निकाल दहा मिनिटांत किंवा तासाभरात मिळत असेल, तर दोन-तीन दिवस थांबायचं कशाला? याचं उत्तर प्रत्येक चाचणीसाठी वेगळं आहे. म्हणून प्रश्न एकत्र न करता सुटे सुटेच घेतले आहेत.

प्रश्न : मला ३६वा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी ‘जीबीएस’साठी स्वॅब द्यायला सांगितलं आहे. मला काहीच त्रास नाही. तासाभरात निकाल देणारी चाचणी आता निघाली आहे म्हणे. मग कळा सुरू झाल्यावर तीच केली तर चालणार नाही का?

उत्तर : जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू. दहा गरोदर स्त्रियांपैकी साधारण एक ते तिघींच्या आतड्यात आणि योनीमार्गात तो मुकाट्याने राहतो. त्यामुळे त्रास नाही म्हणजे जंतू नाही, असं म्हणता येत नाही. धोका आईपेक्षा बाळाला जास्त असतो. प्रसूतीच्या वेळी अँटिबायोटिक दिलं नाही, तर अशा आयांच्या सुमारे निम्म्या बाळांच्या अंगावर हा जंतू जातो. त्या बाळांपैकी १ ते २ टक्क्यांना पहिल्या आठवड्यातच रक्तातला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होतो. आकडा लहान वाटला तरी आजार फार झपाट्याने वाढतो. बहुतेक बाळांना त्याची लक्षणं पहिल्या २४ तासांतच दिसू लागतात.

आता वेळेचं गणित पाहू. बाळाचं संरक्षण होण्यासाठी शिरेतून दिलेलं पेनिसिलीन किंवा अँपिसिलीन प्रसूतीच्या निदान ४ तास आधी सुरू झालेलं असावं. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात पोहोचायचं, स्वॅब घ्यायचा, तो यंत्रापर्यंत न्यायचा, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी झटपट चाचणी) चालू द्यायची आणि निकाल प्रसूतिकक्षात कळवायचा. यंत्राला तासापेक्षा कमी वेळ लागला तरी या सगळ्यात दीड-दोन तास सहज जातात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात तेवढा वेळ हातात असेलच असं नाही. स्वॅब ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे ६ दिवसांपर्यंत घेतला, की निकाल आधीच फाइलमध्ये असतो आणि पोहोचल्या पोहोचल्या पहिला डोस देता येतो.

दुसरं कारण संवेदनशीलतेचं आहे. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, स्वॅब आधी खास द्रव माध्यमात १८ ते २४ तास ठेवतात. त्या माध्यमात इतर जंतूंना रोखणारी औषधं असतात. त्यामुळे सुरुवातीला जीबीएस मूठभर असले तरी ते वाढतात आणि सापडतात. प्रसूतिकक्षातली थेट पीसीआर ही पायरी गाळते, म्हणून अगदी थोडे जंतू असतील तर ते तिच्या नजरेतून सुटू शकतात. शिवाय कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे कल्चरमधून समजतं. झटपट चाचणीतून ते सहसा समजत नाही.

मग झटपट चाचणीचा उपयोग कुणाला? जिची आधी तपासणीच झाली नाही, जिचा रिपोर्ट सापडत नाही किंवा जिचा निकाल ५ आठवड्यांपेक्षा जुना झाला आहे, तिला. त्या घडीला ही चाचणी खरोखर मोलाची ठरते. मात्र निकाल निगेटिव्ह आला आणि दिवस ३७ आठवड्यांपेक्षा कमी असतील, पाणी जाऊन १८ तास झाले असतील किंवा आईला ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप असेल, तर अँटिबायोटिक तरीही द्यावं लागतं.

दोघींना स्वॅब द्यायची गरजच नसते. या गरोदरपणात लघवीच्या कल्चरमध्ये कधीही जीबीएस आलेला असेल ती एक, आणि आधीच्या बाळाला जीबीएसचा आजार झालेला असेल ती दुसरी. दोघींनाही कळा सुरू झाल्यावर थेट औषध देतात. सगळ्याच देशांत सरसकट स्वॅब घेतात असंही नाही. ब्रिटनमध्ये धोक्याची कारणं पाहून निर्णय घेतात. तुमच्या डॉक्टरांनी स्वॅब सांगितला आहे, तर तो वेळेवर द्या. पॉझिटिव्ह आला तरी लगेच गोळ्या मागू नका. आत्ता गोळ्या घेतल्या तर जंतू काही दिवस कमी होतात आणि आतड्यातून पुन्हा योनीमार्गात येतात. औषधाचा उपयोग प्रसूतीच्या वेळीच.

प्रश्न : आमच्या प्रसूतिकक्षात जीबीएससाठी पीसीआरचं छोटं यंत्र आलं आहे. पण बऱ्याचदा निकालाच्या जागी ‘इनव्हॅलिड’ येतं आणि काडतूस (नमुना घालायची, एकदाच वापरायची डबी) वाया जातं. आमचं काय चुकतं? (परिचारिका)

उत्तर : ‘इनव्हॅलिड’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे, हे आधी कक्षातल्या सगळ्यांना सांगा. प्रत्येक काडतुसात एक अंतर्गत नियंत्रण असतं. जीबीएस असो वा नसो, त्याचा संकेत उमटायलाच हवा. तो उमटला नाही याचा अर्थ नमुन्यातल्या कशामुळे तरी पीसीआर अडली. जबाबदार बहुतेक वेळा चार गोष्टी असतात : स्वॅबवर खूप विष्ठा, घट्ट चिकट स्राव, रक्त किंवा बाळाने गर्भजलात केलेली शी.

म्हणून स्वॅब लवकर घ्या. बाई दाखल झाली की पहिल्या आतल्या तपासणीच्या आधी, म्हणजे जेली, अँटिसेप्टिक आणि रक्त मध्ये यायच्या आधी. स्पेक्युलम (योनी उघडून पाहायचं साधन) लावू नका. इथे नमुना गर्भाशयमुखाचा नको, योनीच्या खालच्या भागाचा हवा. बाहेर जास्त स्राव किंवा पाणी दिसत असेल तर आधी कोरड्या गॉजने टिपा. मग स्वॅब योनीत सुमारे २ सेंटिमीटर घालून हलकेच फिरवा. त्यानंतर तोच स्वॅब गुदद्वाराच्या स्नायूच्या जरा आत, साधारण १ सेंटिमीटर नेऊन फिरवा. हा क्रम उलटू नका. गुदद्वाराचा भाग टाळल्यास कितीतरी पॉझिटिव्ह स्त्रिया निसटतात, पण तिथे विष्ठा खरवडून काढायचीही गरज नाही. स्वॅब किंचित पिवळसर झाला तर ठीक. त्यावर विष्ठेचा थर दिसला, तर दुसरा स्वॅब घ्या.

स्वॅब किटसोबत आलेलाच वापरा. लाकडी काडीचा कापसाचा बोळा पीसीआरलाही बाधतो आणि कल्चरलाही. काडी खुणेवरच मोडा. लांब राहिली तर काडतुसाचं झाकण नीट बसत नाही आणि यंत्र ‘एरर’ दाखवतं. ‘एरर’ आणि ‘इनव्हॅलिड’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ‘एरर’ बहुतेक वेळा यंत्राचा, काडतुसाचा किंवा ते भरण्याच्या पद्धतीचा दोष असतो. नोंदवहीत त्यांचे दोन वेगळे रकाने ठेवलेत, तर महिन्याभरात चूक नेमकी कुठे होते ते दिसेल.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून भिंतीवर लावा : पहिला निकाल ‘इनव्हॅलिड’ आला तर नवा स्वॅब घेऊन एकदाच पुन्हा करायचं. तोपर्यंत धोक्याचं कारण असेल तर औषध सुरू करायचं, दुसऱ्या निकालासाठी डोस अडवायचा नाही.

प्रश्न : मला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे आणि जीबीएस पॉझिटिव्ह आहे. पीसीआरचा रिपोर्ट पुरेसा आहे का?

उत्तर : बहुधा नाही. तुमच्या बाबतीत कल्चर हवंच, आणि लॅबच्या फॉर्मवर ‘पेनिसिलीन ॲलर्जी’ असं ठळक लिहिलेलं हवं, म्हणजे तुमच्या जंतूवर क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक लागू पडतं का, ते लॅब तपासेल. त्यात ‘डी-टेस्ट’ असते. एरिथ्रोमायसिनची चकती क्लिंडामायसिनच्या चकतीशेजारी ठेवतात. क्लिंडामायसिनभोवतीचं मोकळं वर्तुळ त्या बाजूने चपटं होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं दिसलं, तर औषध वरवर लागू वाटलं तरी वापरत नाहीत.

ॲलर्जीत नेमकं काय झालं होतं, तेही डॉक्टरांना सांगा. फक्त सौम्य पुरळ आलं होतं की अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला? पहिल्या प्रकारात सेफाझोलिन देता येतं. दुसऱ्या प्रकारात जंतूवर लागू पडत असेल तर क्लिंडामायसिन, नाहीतर व्हँकोमायसिन. हे ३७व्या आठवड्यात ठरलेलं असावं. कळांच्या वेळी ठरवायला घेतलं तर उशीर होतो.

प्रश्न : अंगावरून पातळ, करडं-पांढरं जातं आणि माशासारखा वास येतो. डॉक्टरांनी तिथल्या तिथे काहीतरी तपासलं आणि दहा मिनिटांत औषध लिहून दिलं. कल्चर न करता असं निदान होतं का?

उत्तर : होतं, आणि या आजारात तेच योग्य आहे. तुमचं वर्णन बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी जुळतं. योनीत एरवी लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचं राज्य असतं. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच ४.५ च्या खाली ठेवतात. ते कमी झाले की गार्डनरेला, प्रिव्होटेला वगैरे जंतूंची मिसळ वाढते. म्हणजे बाहेरून आलेल्या एका शत्रूपेक्षा हा आतला बिघडलेला समतोल असतो. कल्चर इथे कुचकामी ठरतं ते याचमुळे. गार्डनरेला कित्येक निरोगी स्त्रियांमध्येही उगवतो. ‘गार्डनरेला सापडला’ एवढ्याच रिपोर्टवर औषध घेणं बरोबर नाही.

डॉक्टरांनी बहुधा १९८३ पासून वापरात असलेले ॲम्सेलचे निकष तपासले असतील. चारपैकी तीन जुळले की निदान पक्कं. पहिला निकष म्हणजे भिंतींना सारखा चिकटलेला पातळ स्राव. दुसरा, पीएच ४.५ पेक्षा जास्त. तिसरा, स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा माशासारखा वास. चौथा, सूक्ष्मदर्शकाखाली ‘क्लू सेल’ दिसणं. या क्लू सेल म्हणजे योनीच्या अस्तराच्या पेशी, जंतूंचा थर बसल्यामुळे कडा धूसर झालेल्या. एकूण अस्तरपेशींपैकी २० टक्क्यांहून जास्त अशा असाव्या लागतात. चारांमध्ये सर्वांत भरवशाचा निकष हाच, आणि घाईच्या ओपीडीत सर्वांत आधी गाळला जातो तोही हाच.

पीएचच्या पट्टीने फसवणूक फार होते. १ ते १४ पर्यंत मोजणारी साधी पट्टी इथे उपयोगाची नाही. ४ ते ७ च्या दरम्यान बारीक फरक दाखवणारी हवी. स्राव योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यावा. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव मुळातच अल्कधर्मी असतो, तो लागला तर पीएच उगाच जास्त येतो. पाळीचं रक्त, वीर्य, गर्भजल, आतून पाण्याने धुणं, यांनीही आकडा वाढतो. उलट पीएच नीट मोजला आणि तो ४.५ च्या आत आला, तर हा आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते. मग खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव असेल तर बुरशीचा विचार करावा. पीएच जास्त, स्राव हिरवट-फेसाळ आणि आग होत असेल तर ट्रायकोमोनास. हा जिवाणू नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. सलाइनच्या थेंबात तो वळवळताना दिसतो, पण स्लाइड थंड होऊ लागली की त्याची हालचाल मंदावते. म्हणून स्लाइड लगेच पाहावी. न दिसल्यानेही तो नाही असं ठरत नाही, कारण या पद्धतीत तो अनेकदा निसटतो. संशय असेल तर पीसीआर प्रकारची चाचणी करावी.

सूक्ष्मदर्शक नसेल तिथे सियालिडेज हे या जंतूंचं विकर (एन्झाइम) ओळखणारं किट वापरतात. त्याचा निकाल १० मिनिटांत रंगबदलाने कळतो. लॅबमध्ये पक्कं मोजायचं असेल तर ग्रॅम स्टेन करून (स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहून) न्यूजेंट गुण देतात : ० ते ३ सामान्य, ४ ते ६ मधली अवस्था, ७ ते १० म्हणजे व्हजायनोसिस.

प्रश्न : मी गरोदर आहे, त्रास काहीच नाही. वेळेआधी कळा येऊ नयेत म्हणून घरीच पीएचच्या पट्ट्या वापरू का?

उत्तर : नको. व्हजायनोसिस आणि अकाली प्रसूती यांचा संबंध आढळतो, पण लक्षणं नसलेल्या, एरवी धोका नसलेल्या सर्व गरोदर स्त्रियांना शोधून औषध दिल्याने अकाली प्रसूती टळतात असं दिसलेलं नाही. त्रास झाला, वास आला, पाणी गेल्यासारखं वाटलं तर मात्र पट्टीवर विसंबून न राहता दाखवायला जा. घरच्या पट्टीवर गर्भजल आणि व्हजायनोसिस दोन्ही सारखेच दिसतात.

प्रश्न : लघवीच्या पट्टीवर नायट्राइट निगेटिव्ह होतं, म्हणून ‘इन्फेक्शन नाही’ असं सांगितलं. चार दिवसांनी कल्चर पॉझिटिव्ह आलं. पट्टी खराब होती का?

उत्तर : असेलही, पण चांगली पट्टीसुद्धा असं करते. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्यासाठी लघवी मूत्राशयात सुमारे ४ तास तरी थांबलेली असावी लागते. गरोदरपणात दर तासाला जावं लागतं, मग नायट्राइट साचणार कधी? म्हणून नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. शिवाय एंटरोकॉकस आणि जीबीएस हे जंतू नायट्राइट करतच नाहीत. ते कितीही असोत, तो चौकोन गुलाबी होणार नाही. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तरीही खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

शेजारचा ल्युकोसाइट एस्टरेजचा चौकोन पांढऱ्या पेशी दाखवतो. गरोदरपणात अंगावरून पांढरं जास्त जातं. ते नमुन्यात मिसळलं तर हा चौकोन विनाकारण जांभळा होतो. म्हणून आधी बाहेरचा भाग पाण्याने धुवा, योनीचे ओठ बाजूला करा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार डबीत घ्या.

पट्टी वाचणाऱ्यांकडूनही चुका होतात. प्रत्येक चौकोनाची वेळ वेगळी असते. बऱ्याच पट्ट्यांवर नायट्राइट ६० सेकंदांनी आणि पांढऱ्या पेशी २ मिनिटांनी वाचतात. नक्की वेळ डबीवर छापलेली असते. डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि नायट्राइट खोटं पॉझिटिव्हही येऊ लागतं.

गरोदर स्त्रीच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू असू शकतात. तसेच राहिले तर पुढे मूत्रपिंडाला संसर्ग होण्याची भीती असते. म्हणून गरोदरपणात एकदा तरी कल्चर व्हावंच, शक्यतो सुरुवातीच्या महिन्यांत. एका मिलिलिटरमध्ये एकाच जातीच्या १ लाख किंवा त्याहून जास्त वसाहती आल्या तर औषध देतात. कल्चरची सोय नसेल तिथे जागतिक आरोग्य संघटना पट्टीपेक्षा ग्रॅम स्टेनला पसंती देते. लघवी सेंट्रिफ्यूज न करता एक थेंब स्लाइडवर सुकवून रंगवतात. तेलाच्या भिंगाखाली दर क्षेत्रात सरासरी एक जंतू दिसला, तर ते साधारण त्या १ लाखाच्या आसपास असतं. कुशल हाताला हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि ते अजून सर्रास व्हायला हवं असं आम्हाला वाटतं.

कल्चरचा नमुना खोलीत २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये २४ तासांपर्यंत चालतो. फ्रिजबाहेर राहिलेल्या नमुन्यात जंतू वाढतात आणि निरोगी बाईच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट पडतो.

प्रश्न : पहिल्या गरोदरपणात सिफिलिस निघाला होता. इंजेक्शनं घेतली, बरी झाले. आता पुन्हा बोटातून रक्त घेऊन केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली. औषध लागू पडलं नाही का?

उत्तर : बोटातल्या थेंबावर १५ ते २० मिनिटांत निकाल देणारी पट्टी ट्रेपोनेमाविरुद्धच्या, म्हणजे सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या, प्रतिपिंडांना ओळखते. हे प्रतिपिंड बहुतेकांच्या रक्तात आयुष्यभर राहतात. आजार पूर्ण बरा झाला तरी पट्टी पॉझिटिव्हच येते. म्हणून तुमच्यासाठी ही चाचणी पुढेही उपयोगाची नाही. तुम्हाला आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही रक्तचाचणी हवी, आणि तीही आकड्यासह : १:४, १:८ अशी (रक्तातलं सीरम किती पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते, ते हा आकडा सांगतो). जुना आकडा शोधून काढा. तो चौपटीने उतरला असेल, उदाहरणार्थ १:३२ वरून १:८, तर उपचार लागू पडले असं समजतात. पुन्हा चौपटीने चढला असेल तर नवा संसर्ग झाला असावा. मग तुमच्यासोबत जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत. एका पायरीचा फरक, म्हणजे १:४ चं १:८ होणं, हा चाचणीतलाच चढउतार असू शकतो. दोन्ही वेळा चाचणी एकाच प्रकारची हवी, आरपीआरचा आकडा व्हीडीआरएलशी ताडून पाहू नये.

लॅबसाठी एक सूचना. लक्षणं ठळक असूनही आरपीआर निगेटिव्ह आली, तर सीरम पातळ करून पुन्हा करा. प्रतिपिंड फारच जास्त असले की गुठळ्या बनत नाहीत आणि खोटा निगेटिव्ह येतो.

ज्या गरोदर स्त्रीला आधी कधीच उपचार झालेले नाहीत, तिची झटपट पट्टी पॉझिटिव्ह आली आणि ती परत येईल याची खात्री नसेल, तर त्याच दिवशी बेंझाथिन पेनिसिलीनचं २४ लाख युनिटांचं पहिलं इंजेक्शन देऊन आरपीआरसाठी रक्त घ्यावं. एका भेटीत निकाल आणि औषध दोन्ही झाल्याने इथे बाळ वाचतं. झटपट चाचणीचा इतका थेट फायदा दुसरीकडे क्वचितच दिसतो. बाळाचं संरक्षण पुरेसं झालं असं मानायला उपचार प्रसूतीच्या निदान ३० दिवस आधी सुरू झालेले हवेत.

प्रश्न : क्लॅमिडियासाठी २० मिनिटांची पट्टी घ्यावी की पीसीआर? उपचारानंतर दोन आठवड्यांनी माझी पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह का आली?

उत्तर : पीसीआर घ्या. यासाठी बाजारात मिळणाऱ्या अँटिजेन पट्ट्या बऱ्याच संसर्गांना चुकवतात. हिशेब करून पाहा. समजा १,००० स्त्रियांपैकी ३० जणींना क्लॅमिडिया आहे. पट्टी बाधित स्त्रियांपैकी ६० टक्के ओळखते आणि निरोगींपैकी ९७ टक्के बरोबर निगेटिव्ह सांगते. मग ३० पैकी १८ सापडतील आणि १२ सुटतील. उरलेल्या ९७० पैकी साधारण २९ जणींना खोटा पॉझिटिव्ह येईल. म्हणजे एकूण ४७ पॉझिटिव्ह निकालांपैकी निम्म्याहून जास्त चुकीचे, आणि अशा निकालाने घरात काय वादळ उठतं हे वेगळं सांगायला नको.

पीसीआरसाठी योनीतला स्वॅब तुम्ही स्वतः घेतला तरी तो डॉक्टरांनी घेतलेल्या इतकाच चांगला असतो. सुमारे ५ सेंटिमीटर आत घालून १० ते ३० सेकंद फिरवा. स्त्रियांमध्ये लघवीचा नमुना स्वॅबपेक्षा थोडा कमी पडतो. लघवीच द्यायची असेल तर आधी तासभर जाऊ नका आणि पहिल्या धारेचे २० ते ३० मिलिलिटरच द्या. लघवीच्या कल्चरसाठी मधली धार लागते, इथे बरोबर उलट.

दोन आठवड्यांचा निकाल सोडून द्या. औषधाने मेलेल्या जंतूंचा डीएनए काही आठवडे तिथेच राहतो, आणि मेलेला-जिवंत हा फरक पीसीआरला कळत नाही. गरोदर असाल तर औषधानंतर सुमारे ४ आठवड्यांनी खात्रीची चाचणी करतात आणि ३ महिन्यांनी पुन्हा एकदा. गरोदर नसाल तर सहसा ३ महिन्यांनीच. तेव्हा पॉझिटिव्ह आलं तर ते बहुतेक वेळा जोडीदाराकडून पुन्हा लागलेलं असतं.

प्रश्न : ओटीपोटात दुखतं, आतून तपासताना गर्भाशयमुख हलवलं की कळ येते. पण क्लॅमिडिया आणि गोनोरियाच्या चाचण्या निगेटिव्ह आहेत. तरी औषध का?

उत्तर : कारण गर्भाशय-नलिकांच्या संसर्गाचं निदान हाताच्या तपासणीवर होतं, आणि त्यात इतर अनेक जंतू असू शकतात. निगेटिव्ह पीसीआर फक्त दोन नावं खोडते. औषधाला उशीर झाला तर नलिकांवर कायमचे व्रण राहू शकतात. गरोदरपणाची चाचणी मात्र आधी झालेली असावी, कारण नलिकेतला गर्भही असाच दुखतो.

प्रश्न : ३२व्या आठवड्यात पाणी गेलं. झटपट चाचणी पॉझिटिव्ह म्हणून दाखल केलं. रोज सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) आणि पांढऱ्या पेशी तपासतात. पेशी १८,००० झाल्या म्हणजे आत जंतुसंसर्ग झाला का? (नातेवाईक)

उत्तर : दोन चाचण्यांची गल्लत होते आहे. दाखल करताना केलेली पट्टी गर्भजलातलं प्रथिन शोधते. तिने पाणी गेलं एवढंच सांगितलं, संसर्गाबद्दल काही नाही.

पांढऱ्या पेशी गरोदरपणात मुळातच जास्त असतात आणि कळांमध्ये आणखी वाढतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनंतरही काही दिवस चढलेल्या राहतात. ती इंजेक्शनं नुकतीच झाली असतील तर १८,००० या एकट्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. सीआरपीचंही तसंच. एका आकड्यापेक्षा रोजचा चढ पाहतात. जास्त महत्त्व ताप, आईची नाडी, बाळाचे ठोके, गर्भाशय दाबल्यावर दुखणं आणि पाण्याचा वास यांना. आईला ३९ अंश ताप, किंवा ३८ ते ३८.९ अंश तापासोबत बाळाचे ठोके सतत १६० च्या वर, गर्भाशयमुखातून पू किंवा पांढऱ्या पेशींची वाढ असेल, तर गर्भजलातला संसर्ग धरून उपचार सुरू करतात आणि प्रसूतीचा निर्णय घेतात.

शंका फारच असेल तर काही ठिकाणी सुईने गर्भजल काढून तपासतात. ग्रॅम स्टेन, साखर आणि पेशी यांचे निकाल त्याच दिवशी मिळतात. साखर १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर संशय बळावतो. ग्रॅम स्टेनवर काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. इथले नेहमीचे जंतू म्हणजे युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा. त्यांना पेशीभित्तिकाच नसते, म्हणून ते या रंगात दिसतच नाहीत.

प्रश्न : बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी ताप आला, तर आधी कोणती झटपट चाचणी करावी? घशासाठीचं स्ट्रेप किट आमच्याकडे आहे. (परिचारिका)

उत्तर : आधी घड्याळ, थर्मामीटर आणि बीपीचं यंत्र. श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, वरचं बीपी ९० च्या खाली, गुंगी किंवा बरळणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलवा. सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या) संशयात अँटिबायोटिक तासाभराच्या आत जायला हवं. कुठलीही चाचणी त्याच्या आड येता कामा नये.

त्या तासात सर्वांत मोलाचं काम म्हणजे पहिल्या डोसआधी रक्ताचं कल्चर. कातडी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने ३० सेकंद घासा आणि पूर्ण सुकू द्या. ओल्या कातडीत सुई घातली की कातडीवरचेच जंतू बाटलीत जातात. बाटलीचं रबरही पुसा. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं, आणि दोन वेगळ्या जागांहून दोन संच. अनेक कल्चर निगेटिव्ह येण्यामागे रक्त कमी घेणं हेच कारण असतं. बाटली पॉझिटिव्ह झाली की पुढचं काम आता झपाट्याने होतं. ग्रॅम स्टेन अर्ध्या तासात, आणि सोय असेल तिथे पीसीआर पॅनेल सुमारे तासाभरात जंतूचं नाव आणि औषधांना दाद न देणारी काही जनुकं सांगतं. लॅबने हा निकाल फोनवर सांगावा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. कागदाची वाट पाहण्यात रात्र जाते.

तुमच्याकडचं स्ट्रेप किट ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकससाठी आहे, आणि बाळंतिणीत हाच जंतू सर्वांत भयंकर. पण ते किट घशाच्या नमुन्यावर पारखलेलं आहे. योनीतल्या स्वॅबवर ते निगेटिव्ह आलं तर त्याला काडीचीही किंमत देऊ नका. ताप, जलद नाडी आणि तपासणीत दिसतं त्याच्या मानाने पोटात फारच जास्त दुखणं, असं चित्र दिसलं की हा जंतू धरूनच चाला. घरात कुणाचा घसा दुखतो का तेही विचारा.

स्तन, टाके, लघवी आणि पोटऱ्या तपासायला विसरू नका. सिझेरियननंतर सीआरपी दोन-तीन दिवस आपोआपच चढते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या एकट्या सीआरपीवरून ना ताप मोठा ठरवावा, ना बाईला घरी पाठवावं.